बेलव्ह्यूच्या परसातील पटिंग ग्रीन : खरे काम गवताखाली

परसदारी कृत्रिम गवताचे पटिंग ग्रीन करून घेताना चर्चा रंगते ती गवताच्या वाणाची. बेलव्ह्यूमध्ये मात्र यश ठरते ते त्याखालच्या थरावर. येथील पाऊस कोकणासारखा कोसळत नाही. तो ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत रिमझिमत राहतो. त्यातच अनेक ठिकाणी मातीखाली हिमनद्यांनी दाबलेला कठीण थर असल्याने पाणी सहजी मुरत नाही.

म्हणून आधी ४ ते ६ इंच माती काढून जिओटेक्स्टाइल अंथरावे, खडीच्या प्रत्येक थरावर यंत्राने धुम्मस करावी आणि वर बारीक कच पसरावी. गवंडी गच्चीला देतो तसा १-२ टक्क्यांचा ढाळ येथेही हवा. उंचवट्यांची हौस आवरलेलीच बरी. सव्वाचार इंच व्यासाचे कप याच टप्प्यात बसवतात. मग गवत पसरून, सांधे चिकटवून सिलिका वाळू झाडूने आत उतरवतात. वाळू नीट भरून दबली, की चेंडू अधिक वेगाने धावतो.

वाळूऐवजी टायरचा चुरा मात्र नको. पावसानंतर कोहो सॅमन का मरतात, याचे उत्तर वॉशिंग्टनमधील संशोधकांना २०२० मध्ये टायरमधील ६पीपीडीपासून बनणाऱ्या क्विनोनमध्ये सापडले. परसातून वाहणारे पाणी केल्सी क्रीकसारख्या ओढ्यांना मिळते, आणि तेथे सॅमन अंडी घालण्यास येतात.

सावलीतल्या ग्रीनवर शेवाळ धरतेच. ते पावसाळ्यात नियमित झाडावे.