फंक्शनची चौकशी, न चालवता!

रिफ्लेक्शन म्हणजे प्रोग्रामने स्वतःकडेच बघणं. याची खरी गरज मला सुट्टीत कळली. आमच्या भिवंडीजवळच्या वळ गावात गोदामंच गोदामं. त्यातल्या एकात पायथनची जुनी फाईल होती, पन्नासेक फंक्शनं, आणि लिहिणारा नोकरी सोडून गेलेला. एखादं सहज चालवून बघावं तर खरोखरचं चलन निघायचं आणि ट्रक हलायचा!

पायथन ३.३ (२०१२) पासून ‘इन्स्पेक्ट’ मॉड्यूलमध्ये ‘सिग्नेचर’ आहे. त्याला फंक्शन द्या, ते न चालवता पॅरामीटर्स क्रमाने मिळतात: पिनकोड, वजन, नग = १. म्हणजे नग नाही दिला तरी चालेल. बाकीच्या दोघांना डिफॉल्ट विचारलं तर ‘एम्प्टी’ ही खास खूण येते. ‘नन’ का नाही? कारण ‘नन’ हेच कोणी डिफॉल्ट ठेवलेलं असू शकतं! मला तर ही युक्ती फारच आवडली. लूप लावला, पन्नासही फंक्शनांची यादी तयार. वजन किलोत की ग्रॅममध्ये, हे मात्र तिथल्या काकांनाच विचारावं लागलं.

पीएचपीवाल्यांकडे ही सोय पीएचपी ५ (२००४) पासूनच आहे.

एक सांभाळा. फंक्शन चालत नसलं तरी फाईल इम्पोर्ट करताना फंक्शनांबाहेरचा कोड चालतोच. तेव्हा आधी फाईल उघडून तेवढा भाग वाचा. आणि डेकोरेटर ‘रॅप्स’शिवाय लिहिला असेल, तर आतल्या फंक्शनचे नव्हे, वरच्या वेष्टनाचेच पॅरामीटर्स दिसतात.