सर्व्हर नवा, सूचना जुन्या!

कार्यालयातील एका संगणकावरची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडणे किंवा दहा जणांनी मिळून एकच प्रिंटर वापरणे, यात आता कोणाला नवल वाटत नाही. अनेक ठिकाणी हे काम ‘सांबा’ नावाची आज्ञावली पडद्याआड राहून करीत असते. तिच्यामुळे लिनक्स किंवा युनिक्सवर चालणारा सर्व्हर विंडोज संगणकांना आपल्यातलाच एक वाटतो. ती विनामूल्य असून तिचा स्रोत सर्वांना खुला आहे. मात्र, ती बसवून द्यायला बहुधा कोणी तंत्रज्ञ सोबत येत नाही. बसवणाऱ्याची भिस्त असते ती लेखी माहितीवर. ती माहिती कालबाह्य झाली, तर उत्तम आज्ञावलीही धोक्याची ठरू शकते.

ऐकून शिकलेली भाषा

कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत संशोधन करीत असताना अँड्र्यू ट्रिजेल यांनी या आज्ञावलीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९२ मध्ये खुली केली. फाइल आणि प्रिंटर वाटून घेण्यासाठी संगणक ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात, त्यांना ‘सर्व्हर मेसेज ब्लॉक’ अर्थात ‘एसएमबी’ म्हणतात. ही तीन अक्षरे क्रमाने असलेला शब्द शोधताना ‘सांबा’ हे नाव सापडले.

या नियमांची संपूर्ण माहिती त्या काळी खुली नव्हती. फ्रेंच येत नसलेल्या माणसाने फ्रान्समधील उपाहारगृहात बसून, गिऱ्हाईक काय मागते आणि वाढपी काय आणतो हे पाहत ती भाषा शिकावी, तशी आपली पद्धत असल्याचे ट्रिजेल सांगत. पुढे युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड ठोठावला आणि संबंधित तांत्रिक माहिती स्पर्धकांना देण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने तो निर्णय मुख्यतः कायम ठेवला. त्यानंतर डिसेंबर २००७ मध्ये १० हजार युरो भरून ही कागदपत्रे सांबाच्या विकासकांसाठी मिळवण्यात आली. लेखी माहिती नसली की किती वर्षे खर्ची पडतात, हे या प्रकल्पाइतके क्वचितच कोणी अनुभवले असेल.

एका ओळीचा प्रश्न

सांबाचे सारे वर्तन एका साध्या मजकूर-फाइलवर अवलंबून असते. कोणते फोल्डर कोणाला दिसावे, कोणत्या प्रिंटरवर कोणाला छापता यावे, हे त्या फाइलमध्ये एकेका ओळीत लिहिले जाते. अशा सेटिंगांची संख्या शेकड्यांत आहे आणि काळानुसार त्यांचा अर्थ बदलतो.

वापरकर्त्याऐवजी फोल्डरला पासवर्ड देण्याची ‘सिक्युरिटी शेअर’ ही पद्धत एके काळी लहान कार्यालयांसाठी सर्रास सुचवली जाई. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. वेग वाढवण्यासाठी नेटवर्कच्या बफरचा आकार ठरवून द्या, हा असाच एक जुना सल्ला. आजचे लिनक्स हा आकार गरजेप्रमाणे स्वतःच बदलते. तो बांधून टाकला, तर वेग उलट कमी होऊ शकतो.

तिसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. एसएमबीची पहिली, असुरक्षित आवृत्ती सांबाने सप्टेंबर २०१९ मधील ४.११ पासून मुळातच बंद ठेवली. मात्र, कार्यालयातील जुना स्कॅनर फाइल पाठवेनासा झाला, की कोठल्या तरी मार्गदर्शिकेतील एक ओळ उतरवून ती पुन्हा सुरू केली जाते. स्कॅनर चालू होतो आणि संपूर्ण सर्व्हरचे संरक्षण दुबळे होते. आज्ञावलीतील दोष बहुधा काम अडवतो, म्हणून तो ध्यानात येतो. चुकीची सूचना मात्र काम अडवत नाही, म्हणून वर्षानुवर्षे टिकून राहते.

माहितीलाच चाचणी

हे टाळण्यासाठी सांबाने माहितीची देखभाल आज्ञावलीशीच जोडली आहे. प्रत्येक सेटिंगसाठी स्वतंत्र फाइल असते. तिच्यात नाव, प्रकार, मूळ मूल्य आणि स्पष्टीकरण दिलेले असते. याच फाइलींतून संदर्भपाने तयार होतात आणि आज्ञावली वापरते तो सेटिंगांचा तक्ताही याच फाइलींतून निघतो. लिहिलेले मूळ मूल्य आणि प्रत्यक्ष वर्तन जुळते का, याची स्वयंचलित चाचणी होते. त्यामुळे सेटिंग बदलली आणि माहिती तशीच राहिली, असे घडणे अवघड होते.

विस्तृत मार्गदर्शनाची गोष्ट वेगळी. जॉन टर्पस्ट्रा आणि येल्मर व्हर्नूय यांनी संपादित केलेली सांबा-३ची अधिकृत मार्गदर्शिका २००३ मध्ये पुस्तकरूपाने आली. ती आपल्या काळात उपयुक्त ठरली. परंतु अशी प्रकरणे कोणतीही चाचणी तपासू शकत नाही. ती माणसानेच वाचावी आणि सुधारावी लागतात.

अचूक ओळीचे मोल मे २०१७ मध्ये दिसून आले. ३.५.० पासूनच्या सर्व आवृत्त्यांना बाधणारा एक गंभीर दोष तेव्हा उघड झाला. सुधारित आवृत्त्यांसोबतच, ज्यांना त्या लगेच बसवणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी फाइलमध्ये घालायची एक ओळ सांबाने प्रसिद्ध केली. त्या ओळीमुळे विंडोज संगणकांच्या काही सुविधा बंद पडू शकतील, हेही त्याच सूचनेत बजावले होते.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी म्हणूनच दोन गोष्टी पाळाव्यात. आपली आवृत्ती कोणती, हे आधी पाहावे आणि त्याच आवृत्तीसोबत आलेली संदर्भपाने वाचावीत. त्यानंतर सोबतच मिळणाऱ्या ‘टेस्टपार्म’ या आज्ञेने आपली फाइल तपासून घ्यावी. अनोळखी ठरलेल्या ओळींकडे ती लक्ष वेधते. कोठून तरी उतरवलेली जी ओळ का लिहिली आहे हे सांगता येत नाही, तिचा अर्थ समजून घ्यावा, नाहीतर ती काढून टाकावी.