गप्प मुलाच्या औषधाचा हिशोब

एडीएचडीला मराठीत रूढ झालेलं नाव ‘अतिचंचलता’, आणि निम्मा घोळ या नावातच आहे. या विकाराचा एक प्रकार असा आहे की त्यात चंचलता जवळजवळ नसतेच. मूल वर्गात जागा सोडत नाही, खोड्या काढत नाही, कुणाला मारत नाही. ते फळ्याकडे बघत असतं आणि फळ्यावरचं काही वहीत उतरत नाही. गणिताची रीत येते, पण वजाबाकीच्या जागी बेरीज होते. डबा, पट्टी, स्वेटर यांतलं काहीतरी रोज शाळेत राहतं. बाई म्हणतात, ‘हुशार आहे, पण लक्ष नाही.’ घरी धांदरट, वेंधळी, कायम तंद्रीत असं काहीतरी बिरूद चिकटतं. अष्टावधानी असणं ही आपल्याकडे थोर स्तुती. त्यामुळे एका गोष्टीवरही अवधान न टिकणं हा विकार असू शकतो, हे पटकन ध्यानात येत नाही. तज्ज्ञांचीही या मुलाबाबत गफलत झालेली आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसंहितेनं १९८० साली चंचलतेविना असणारा अवधानदोष वेगळा नोंदवला, १९८७च्या आवृत्तीत तो जवळपास पुसला आणि १९९४ साली पुन्हा आणला. मुलींमध्ये हा गप्प प्रकार जास्त दिसतो आणि मुली त्रास देत नाहीत, म्हणून त्यांचं निदान आणखी उशिरा होतं.

निदान झालं की घरचे विचारतात, ‘गोळी कोणती चांगली?’ प्रश्न रास्त आहे, पण तो तिसरा किंवा चौथा असायला हवा. योग्य उपचार गोळीच्या नावात नसतो, तो मोजमापात सापडतो, असं माझं म्हणणं आहे. याचा सर्वांत भक्कम पुरावा १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एमटीए’ या अमेरिकी चाचणीत आहे. सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांचे चार गट केले होते: काटेकोर देखरेखीखाली औषध, वर्तनोपचार, दोन्ही मिळून, आणि नेहमीच्या डॉक्टरकडचे नेहमीचे उपचार. चौदा महिन्यांनी पाहिलं तेव्हा अवधानाच्या बाबतीत देखरेखीखाली औषध घेणारे दोन गट पुढे होते. यात खरी गंमत चौथ्या गटाची आहे. त्यातली सुमारे दोनतृतीयांश मुलं औषध घेतच होती, तरी ती मागे राहिली. पुढे असलेल्या गटांत सुरुवातीला वेगवेगळे डोस देऊन कोणता लागू पडतो ते तपासलं होतं, दर महिन्याला डॉक्टर भेटत होते, शिक्षकांकडून माहिती येत होती. चौथ्या गटातल्या मुलांना डोस कमी, भेटी तुरळक आणि शिक्षकांना कुणी विचारलेलं नाही. म्हणजे फरक गोळीपेक्षा गोळीच्या आसपास जे घडत होतं त्यानं पडला. वर्तनोपचाराची जोड असलेल्या गटाला तर औषधही कमी पुरलं. तीन वर्षांनी गटांमधला फरक मावळला, याकडे टीकाकार बोट दाखवतात, आणि ते बरोबरच आहे. पण ती काटेकोर देखरेखही चौदाव्या महिन्यालाच संपली होती. यावरून औषध निरुपयोगी ठरतं की देखरेख मोलाची ठरते, यावर वाद होऊ शकतो. मला दुसरा अर्थ जवळचा वाटतो, इतकंच.

मात्र इथे एक मोठी मेख आहे. एमटीएमधली सगळी मुलं चंचलता आणि अवधानदोष दोन्ही असलेली होती. नुसत्या गप्प प्रकारासाठी पुरावा त्याहून विरळ आहे, आणि जो आहे तो सावध करणारा आहे. रसेल बार्कले आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली दोन्ही प्रकारच्या मुलांना मिथाइलफेनिडेट या उत्तेजक औषधाचे तीन वेगवेगळे डोस देऊन पाहिले. चंचलता नसलेल्या मुलांपैकी अनेकांना औषध लागू पडलं नाही, किंवा सर्वांत कमी डोसालाच बरं वाटलं. २००३ साली मार्क स्टाइन यांच्या गटानं दीर्घकाळ काम करणाऱ्या गोळीचा अभ्यास केला तेव्हाही तसंच दिसलं: चंचल मुलांना डोस वाढेल तसा फायदा वाढत गेला, गप्प मुलांना तो खालच्या डोसावरच मिळाला. दोन्ही अभ्यास लहान आहेत. तरीही त्यातून एक व्यावहारिक धोका कळतो. चंचल मुलाला डोस जास्त झाला तर ते एकदम थंड पडतं आणि आईला लगेच खटकतं. मुळात गप्प असलेलं मूल जास्त डोसानं आणखी गप्प झालं, तर घरी आणि शाळेत ‘सुधारलं’ असाच शेरा मिळण्याची भीती असते. यश आणि अपयश दोन्ही शांत दिसत असतील, तर बघून काहीच कळत नाही. मोजावंच लागतं: सात गणितांपैकी किती पूर्ण झाली, किती वस्तू घरी परत आल्या, सूचना किती वेळा पुन्हा सांगावी लागली.

मोजायचं ते औषधाआधीच सुरू करायचं असतं, आणि नाशिकच्या अंबडसारख्या ठिकाणी तर नक्कीच. औद्योगिक वसाहत आणि तिला लागून सिडकोच्या वसाहती, पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यांवर इथल्या कितीतरी घरांचं घड्याळ चालतं. आठवड्याला पाळी बदलते, तशी घरची जेवणाची आणि झोपेची वेळ बदलते. अपुरी झोप अवधानदोषाची जवळपास हुबेहूब नक्कल करते, मुलात आणि बापातही. रात्रपाळीचा आठवडा संपवून आलेला तिशीतला कामगार ‘माझं लक्षच लागत नाही, मलाही एडीएचडी असेल का’ असं विचारत असेल, तर त्याचं निदान त्या आठवड्यात करूच नये. लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून होती का, हा निर्णायक प्रश्न. त्याचं उत्तर मोबाइलवरच्या चाचणीपेक्षा आईच्या आठवणीत आणि जुन्या प्रगतिपुस्तकांत जास्त भरवशाचं मिळतं. मुलांच्या बाबतीत रक्तक्षय आधी बघावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुलं रक्तक्षयग्रस्त आढळली, आणि लोहाच्या कमतरतेनं थकलेलं मूल ‘लक्ष नसलेलं’ दिसतं. कान, डोळे, थायरॉइड, काही सेकंद शून्यात बघायला लावणारी फिट, चिंता, अध्ययन अक्षमता, ही सगळी मंडळी याच वेषात येतात. अध्ययन अक्षमता तर अवधानदोषाच्या बरोबरीनंही असू शकते. मग गोळीनं लक्ष लागतं, पण वाचता तरीही येत नाही, आणि घरचे गोळीला दोष देतात.

आता गोळ्यांकडे. भारतात मुख्यतः दोन औषधं वापरात आहेत: मिथाइलफेनिडेट आणि अटोमॉक्सेटिन. अमेरिकेत प्रौढांसाठी पहिली पसंती असलेली अ‍ॅम्फेटामाइन गटातली औषधं आपल्याकडे बाजारात नाहीत, म्हणून तिकडच्या चर्चा वाचून इकडे चिठ्ठी मागण्यात अर्थ नाही. मिथाइलफेनिडेट औषध नियमांच्या ‘शेड्यूल एक्स’मध्ये येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, दुकानदार एक प्रत दोन वर्षं जपून ठेवतो, आणि वेगळा परवाना असलेल्या दुकानातच ते मिळतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं ‘नाही’ म्हटलं तर तो टाळत नसतो. हे औषध अर्ध्या-एक तासात काम सुरू करतं, आणि साधी गोळी जेमतेम चार तास टिकते. इथेच सिडकोतल्या रोजच्या आयुष्याचा प्रश्न येतो. दुपारच्या शाळेत जाणाऱ्या मुलाला सकाळी सातला दिलेली साधी गोळी शाळा भरायच्या आत उतरलेली असते, आणि संध्याकाळी पाचला दिली तर रात्री झोप येत नाही. ‘औषध चालत नाही’ या तक्रारीमागे कधीकधी इतकंच असतं. मग वेळ बदलायची, किंवा आठ ते बारा तास टिकणारी गोळी घ्यायची, हे ठरवताना डॉक्टरला शाळेची वेळ माहीत असायला हवी. भूक कमी होणं हा नेहमीचा त्रास. त्यावर सकाळचं पोटभर जेवण गोळीच्या आधी, इतका साधा तोडगा चालतो. अटोमॉक्सेटिन वेगळं. ते दिवसभर काम करतं, पण फरक दिसायला काही आठवडे लागतात, आणि पूर्ण परिणाम कळायला सहा ते आठ. चौथ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करणारे या औषधावर अन्याय करतात. पाळ्या बदलणाऱ्या प्रौढाला ते अनेकदा सोयीचं पडतं, कारण त्यात झोपेची वेळ चुकवत बसण्याचा प्रश्न कमी.

गोळीशिवायचा भाग कमी लेखू नये, आणि गप्प प्रकारात तर मुळीच नाही. लिंडा फिफनर यांच्या गटानं २०१४ साली याच प्रकारच्या १९९ मुलांवर एक उपचारक्रम तपासला. त्यात पालकांचं प्रशिक्षण होतं, मुलांना वस्तू व वेळ सांभाळण्याची कौशल्यं शिकवली जात होती, आणि वर्गातल्या शिक्षकांशी सल्लामसलत होती. नुसतं पालकांना शिकवलेल्या गटापेक्षाही या गटाची प्रगती शिक्षकांच्या नोंदींत जास्त दिसली. प्रौढांसाठी २०१० साली मेरी सोलांटो यांनी नियोजन आणि व्यवस्थेचं बारा आठवड्यांचं प्रशिक्षण तपासलं, आणि ते नुसत्या आधारगटापेक्षा सरस ठरलं. लक्षात घ्यावं की दोन्ही उपचारांचा गाभा चौकटीबद्ध, कंटाळवाणा सराव हाच आहे. प्रेरणादायी भाषणांचा त्यात काही भाग नाही.

आक्षेप तीन येतात. पहिला, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं, दोन फटके दिले की लक्ष लागायचं.’ अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरनं चंचल अवधानाचं वर्णन १७९८ सालीच केलेलं आहे. जगभरच्या अभ्यासांचा २००७ साली एकत्रित विचार झाला तेव्हा मुलांतलं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास निघालं आणि देशादेशांतला फरक बहुतांशी मोजण्याच्या पद्धतीचा ठरला. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा सत्तर टक्क्यांहून अधिक दिसतो. म्हणजे फटके देणाऱ्या हातालाही हाच त्रास असण्याची शक्यता बरीच आहे. दुसरा आक्षेप, सवय लागेल. २०१३ सालच्या एका मोठ्या विश्लेषणात, लहानपणी मिथाइलफेनिडेटसारखी उत्तेजक औषधं घेतलेल्यांत पुढे व्यसनांचं प्रमाण वाढलेलंही दिसलं नाही आणि घटलेलंही नाही. धोका अजिबात नाही असं नव्हे. वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब नियमित तपासावे लागतात, आणि वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्यांच्या उंचीत थोडा फरक पडू शकतो. तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो: भरलेल्या वर्गातल्या बाई हे मोजमाप करणार कधी? पण शिक्षकांसाठीच्या प्रश्नावलीत अवधानाची लक्षणं नऊच असतात, आणि डोस बदलताना आठवड्यातून एकदा ती भरायला पाच-सात मिनिटं लागतात. सरसकट सगळ्या मुलांसाठी कुणी मागत नाही. एका मुलासाठी, काही आठवडे. ब्राह्मी, सुवर्णप्राशन, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल करून पाहणाऱ्यांनाही हीच पट्टी लावावी. ब्रिटनच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचना तेलाच्या कॅप्सूलची शिफारस करत नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर सगळं खासगीतच करावं लागतं असं नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ज्या तीस विकारांची तपासणी धरली आहे, त्यात एडीएचडी आहे. नाशिकचं जिल्हा शासकीय रुग्णालय त्र्यंबक रस्त्यावर आहे. पगारातून ईएसआय कापली जाणाऱ्यांना सातपूरचं रुग्णालय. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं. अपंग हक्क कायदा, २०१६च्या एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणून दहावीच्या सवलतींसाठी अध्ययन अक्षमतेची तपासणी वेगळी करून घ्यावी लागते.

आणि औषध लागू पडलं तरी ते कायमचं समजू नये. वर्षातून एकदा तरी ते चालू ठेवायचं का याचा आढावा घ्यावा, आणि योग्य वाटेल तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्यानं काही दिवस थांबवून पाहण्याचा विचार करावा, असं त्या ब्रिटिश सूचनाही सुचवतात. हा थांबा लोक सोयीनं दिवाळीच्या सुटीत घेतात, आणि त्यातून काहीच कळत नाही, कारण सुटीत लक्ष लावायला असतं काय? परीक्षेचा आठवडा टाळावा, मुलाची शाळा बदललेली नसावी, बापाची पाळी बदलण्याचा आठवडाही नको. जानेवारीतला एखादा साधा, कंटाळवाणा आठवडा निवडावा आणि तीच नऊ प्रश्नांची प्रश्नावली बाईंकडून पुन्हा भरून घ्यावी.