पायथन शिकायचंय, पण लिहायचं कशात?

आपल्या गटांतल्या मुली-सुना आता पायथन शिकायला लागल्यात. लॅपटॉप बहुतेक एकच, तोही जुना. पहिले दोन दिवस सॉफ्टवेअर बसवण्यातच गेले, तर पोरगी म्हणते, "हे आपलं काम नव्हे." म्हणून आज एडिटरबद्दल बोलू.

एडिटर म्हणजे प्रोग्रॅम लिहायची वही. गटाच्या रजिस्टरला जसे रकाने आखलेले, तसा एडिटर शब्दांना रंग देतो, गरज तिथे ओळ आत सरकवतो. पायथनमध्ये ओळ किती आत सुरू होते यावर अर्थ ठरतो, म्हणून ही सोय मोलाची. वर्डमध्ये मात्र लिहू नका. त्यातली वळणदार अवतरणचिन्हं पायथनला चालत नाहीत.

आम्ही थॉनी सुचवतो. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात तो खास नवशिक्यांसाठी तयार झाला. फुकट आहे, पायथन त्याच्यासोबतच येतं आणि एकदा बसवला की इंटरनेट लागत नाही. समजा, कर्ज ५,००० रुपये, महिना २ टक्के व्याज. मुद्दलाला २ ने गुणून १०० ने भागायची ओळ लिहा आणि डीबगचं बटण दाबून एकेक पायरी चालवा. आधी मुद्दलाच्या जागी ५००० येतात, मग गुणाकार होऊन १००००, मग भागाकार होऊन १००.० उत्तर! (पायथन भागाकारात तो टिंब-शून्य लावतंच, घाबरू नका.) व्हेरिएबल्सची खिडकी उघडली तर कुठल्या नावात काय ठेवलंय तेही दिसतं. गटाचा हिशेब लिहिणाऱ्या बाईला हे लगेच उमगतं.

विंडोजवर पायथन बसवताना आयडल सोबत येतो, तोही चालेल. मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड चांगला, पण पायथन वेगळं बसवा, एक्स्टेन्शन वेगळं घ्या. सुरुवातीला कशाला ती यातायात? पायचार्म तर ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर रखडतो. "कंपन्यांत हेच वापरतात" असं कुणी म्हणालं तरी गडबडू नका. थॉनीत लिहिलेली फाईल उद्या व्हीएस कोडमध्ये जशीच्या तशी उघडते.

फाईलला नाव देताना एक सांभाळा. टर्टलने चित्र काढणार असाल, तर फाईलचं नाव टर्टल ठेवू नका. पायथन स्वतःचं टर्टल सोडून तुमचीच फाईल उघडतं आणि लाल अक्षरांत चूक दाखवतं. 'माझंचित्र' असं काही नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा.