ग्रुप राईड काढताय? शेवटच्या माणसाकडे बघा

सायकलच्या दुकानातर्फे रविवारची राईड सुरू करायचीय? मग आधी माझी चूक ऐका. पुण्याहून खडकवासल्याच्या पहिल्याच राईडला मी सगळ्यात पुढे, जोशात! मागे एका काकांची सायकल पंक्चर झाली, ते एकटेच राहिले. नंतर ना राईडला आले, ना दुकानात.

आता सगळ्यात मागे अनुभवी माणूस ठेवतो. पंप, टायर लिव्हर, जादा ट्यूब त्याच्याकडेच. टायर 26, 27.5 की 29 इंची, हे आदल्या रात्रीच व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतो. नाहीतर ट्यूब असून उपयोग नाही. वेग सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा. हेल्मेट नाही तर राईड नाही.

फी घेत नाही. पोहे मात्र परत आल्यावर, दुकानासमोरच. तिथे कुणी ब्रेक दाखवतं, कुणी चेन.