कोठीपोटातील किण्वन: चिंचोका, रिठा आणि दूध

गाय गवत खाते आणि दूध देते, हे प्रत्येक मुलास ठाऊक असते. परंतु गवतातील सेल्युलोज पचविण्याची शक्ती गाईच्या स्वतःच्या पाचकरसांत नाही. ते काम तिच्या पोटातील सूक्ष्मजीव करतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट असे चार कप्पे असतात. त्यांपैकी कोठीपोट सर्वांत मोठे असून मोठ्या गाईत त्याची धारणक्षमता शंभर लिटरांहून अधिक भरते. तेथे प्राणवायू जवळजवळ नसतो व तपमान सुमारे ३९ अंश सेल्सिअस असते. अशा स्थितीत जीवाणू, आदिजीव आणि कवके यांची दाट वस्ती तेथे नांदते.

या वस्तीत वैरणीचे किण्वन होऊन ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही बाष्पनशील मेदाम्ले तयार होतात. जनावरास लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के ऊर्जा त्यांच्यापासून मिळते. ॲसेटिक व ब्युटिरिक अम्ले बनताना हायड्रोजन मोकळा होतो. प्रोपिऑनिक अम्ल बनताना तो खर्ची पडतो. उरलेला हायड्रोजन आर्किया नावाचे सूक्ष्मजीव कार्बन डायऑक्साइडशी संयोग पाववून त्याचा मिथेन करतात, आणि जनावर तो मुख्यतः ढेकरांवाटे बाहेर टाकते. वैरणीतील एकूण ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के ऊर्जा अशी वाया जाते. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन समान वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७ पट अधिक उष्णता अडवून धरतो. म्हणजे तोटा शेतकऱ्याचाही होतो आणि वातावरणाचाही.

किण्वनास इष्ट वळण देण्यासाठी अनेक देशांत मोनेन्सिनसारखी प्रतिजैविके खाद्यात मिसळली जात. जनावरांच्या वाढीसाठी त्यांचा वापर करण्यास युरोपीय संघाने २००६ पासून बंदी घातली, आणि संशोधकांचे लक्ष वनस्पतींकडे अधिक वळले.

या दृष्टीने चेन्नईचे उदाहरण उद्बोधक आहे. या शहराचे नाव मद्रास असताना, १९०३ साली, वेपेरी येथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. १९८९ साली तमिळनाडू पशुवैद्यक व पशुविज्ञान विद्यापीठ स्थापन होऊन ते त्याचा भाग बनले. पशुपोषण ही तेथील अध्यापनाची एक प्रमुख शाखा आहे. तमिळनाडूत भाताचा पेंढा ही गुरांची नित्याची वैरण होय. पेंढ्यात तंतू फार व प्रथिने थोडी. त्यामुळे ॲसेटिक अम्लाचे प्रमाण वाढते आणि त्याबरोबर मिथेनचेही. उलट, त्याच प्रदेशात चिंच व रिठा यांची झाडे विपुल आहेत.

चिंचोक्याच्या टरफलात टॅनिन असते. टॅनिन प्रथिनांना बांधून ठेवते. त्यामुळे कोठीपोटात त्यांची नासाडी कमी होऊन ती पुढे खऱ्या पोटाकडे जातात. काही टॅनिने मिथेनही घटवितात. रिठ्यातील सॅपोनिन आदिजीवांची आवरणे फोडते. मिथेन करणारे काही आर्किया आदिजीवांना चिकटून राहत असल्याने त्यांचाही आश्रय जातो. लसूण आणि लवंग यांतील तेलांचा परिणाम निरनिराळ्या जीवाणूंवर होतो. बंगळूर येथील राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य तयार केले आहे.

दुसरा प्रश्न दुधातील स्निग्धांशाचा. हिरव्या चाऱ्यात लिनोलेनिकसारखी असंतृप्त मेदाम्ले असतात, तरी दुधातील मेद बहुतांशी संतृप्त का? कोठीपोटातील जीवाणू असंतृप्त मेदाम्लांना हायड्रोजन जोडून अखेरीस त्यांचे स्टिअरिक अम्ल करतात. रेमंड राइझर यांनी १९५१ साली ही क्रिया निदर्शनास आणली. तिच्या मधल्या पायरीवर व्हॅक्सेनिक अम्ल बनते. त्यातील जो भाग निसटून कासेपर्यंत पोहोचतो, त्याचे तेथे संयुग्मित लिनोलेइक अम्ल होते. काही टॅनिने शेवटची पायरी मंदावतात. परंतु दुधावर होणारा परिणाम सर्व प्रयोगांत सारखा दिसत नाही.

अशा पदार्थांची पहिली परीक्षा काचेत होते. गाळलेल्या कोठीपोटातील रसात कृत्रिम लाळ व वैरणीचे पीठ मिसळून ते मिश्रण पिचकारीत ३९ अंशांवर २४ तास ठेवतात. दट्ट्या जितका सरकेल त्यावरून निघालेला वायू मोजतात. जर्मनीतील मेंके व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत १९७९ साली मांडली. मात्र पिचकारी म्हणजे गाय नव्हे. प्रत्यक्ष जनावरात सूक्ष्मजीव काही आठवड्यांत सॅपोनिनला सरावतात व ते मोडून टाकतात. टॅनिन अधिक झाले तर तोंडाला तुरटपणा येऊन जनावर कमी खाते, तंतूंचे पचन मंदावते आणि दूधच घटते. म्हणून मात्रा ठरवून, जनावरांवर दीर्घकाळ पारखूनच अशा पदार्थांची शिफारस करावी लागते.

दोन गाईंवर संसार चालविणाऱ्या शेतकऱ्यास मिथेनचा आकडा दिसत नाही. त्यास दिसते ते भांड्यातील दूध आणि पेंडीचा खर्च. चिंचोक्याच्या टरफलाचे मोल अखेर त्याच्या गोठ्यातच ठरावयाचे आहे.