मुंबईच्या पोटातील गाव : आरेचे पाडे आणि त्यांचा हिशेब

कापडाच्या धंद्यात एक जुना रिवाज आहे. उधारी देण्यापूर्वी गिऱ्हाईकाचे घर पाहून यावे. अंधेरी पूर्वेच्या आमच्या दुकानात लग्नसराईच्या तोंडावर आरेच्या पाड्यांवरील आदिवासी बाया लुगडी आणि पंचे घ्यायला येत. त्यांचे घर पाहण्यासाठी आम्ही प्रथम मरोशीच्या बाजूने आत गेलो, तेव्हा थक्क झालो. मागे मरोळचे कारखाने आणि पुढे भाताची खाचरे! तेव्हापासून तेथे आमचे जाणे-येणे आहे.

व्यापारी बंधूंच्या बैठकीत आरेचा विषय निघाला की, "एवढी जागा मोकळी पडून आहे" हे वाक्य हमखास ऐकू येते. ही जागा मोकळी नाही. तेथे गाव आहे, गावाचा रोजगार आहे. त्या रोजगाराचा हिशेब आपण कधी मांडलेला नाही. तो येथे थोडक्यात मांडत आहोत.

वसाहत कशी झाली?

मुंबई शहरात पूर्वी वस्तीच्या मधोमध म्हशींचे तबेले होते. घाण, डास आणि भेसळीचे दूध यांनी लोक हैराण झाले होते. शहरातील जनावरे बाहेर हलवण्यासाठी सरकारने १९४९ मध्ये गोरेगावच्या पूर्वेला आरे दुग्ध वसाहत स्थापन केली. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. या योजनेमागचे मुख्य डोके दारा खुरोडी यांचे होते. १९६३ मध्ये त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

वसाहतीचे क्षेत्र सुमारे १,२८७ हेक्टर, म्हणजे तीन हजार एकरांहून अधिक. सुमारे १६ हजार जनावरांची सोय, तबेल्यांचे तीसहून अधिक गट आणि चाऱ्यासाठी गवताची कुरणे, असा हा व्याप आहे.

मात्र एक गोष्ट नेहमी विसरली जाते. सरकारने जमीन घेतली तेव्हा ती रिकामी नव्हती. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे तेथे आधीपासून होते. आज या परिसरात २७ पाडे मोजले जातात. खांबाचा पाडा, केल्टीपाडा, दामूचा पाडा, जीवाचा पाडा, मरोशी पाडा ही त्यांपैकी काही नावे. बिबट्याचा वावर आहे, म्हणून वाघदेवाचे ठाणेही आहे. केल्टीपाड्याच्या भिंतींवरील वारली चित्रे पाहण्यास लांबून लोक येतात.

पाड्यांची शेती

पावसाळ्यात भात, घराभोवती काकडी, शिराळी, भेंडी, दुधी आणि पाणी असेल तेथे वर्षभर माठ-पालकाचे वाफे. बांधावर आंबा, फणस, शेवगा आणि ताड. पहिल्या पावसाबरोबर शेवळे निघतात, मग टाकळा, कुरडू आणि नंतर कंटोळी. या रानभाज्यांना पेरणीचा खर्च नाही, खताचा नाही. पहाटे उठून खुडायच्या, जुड्या बांधायच्या आणि गोरेगाव किंवा मरोळच्या बाजाराला येऊन पदपथावर बसायचे. दुपारपर्यंत पाटी रिकामी होते.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हा कमी भांडवलाचा, रोखीचा आणि घरच्या मेहनतीवर चालणारा धंदा आहे. नफा थोडा, पण बुडीत नाही. भात विकण्यासाठी नसते, खाण्यासाठी असते. म्हणून दाण्याचा खर्च बराचसा वाचतो आणि भाजीचा पैसा तेल-मीठ, शाळा व कापडाला लागतो. आमच्याकडील त्यांची उधारी वेळेवर फिटत असे, त्याचे कारण हेच.

तबेल्यांचा धंदा

पाड्यांच्या शेजारी म्हैसवाल्यांची वेगळी दुनिया आहे. तबेलेवाला हरियाणा-गुजरातकडून नुकतीच व्यालेली म्हैस आणतो, दूध असेतो ठेवतो आणि आटली की गावाकडे पाठवतो किंवा विकतो. त्याचा मोठा खर्च चाऱ्याचा. पेंढा, चुनी आणि सरकीची पेंड. ज्या कापसाच्या सुताचे कापड आम्ही विकतो, त्याच कापसाची सरकी येथे म्हशीच्या गव्हाणीत येते! पाड्यांवरील काही माणसांना गवत कापण्याचे व तबेल्याचे काम मिळते. शेणाची विल्हेवाट हा मात्र या धंद्याचा दोष आहे. ते वाहून नाल्यांत व नदीत जाते.

कागद कोठे आहे?

पाड्यांवरील अनेकांच्या नावावर सातबारा नाही. जमीन दुग्ध वसाहतीच्या नावे आणि कसणारा पिढ्यान्‌पिढ्या तोच, अशी स्थिती. २००६ च्या वन हक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. पण तो कायदा वनजमिनीसाठी आहे आणि आरे वन आहे की नाही, यावरच वाद. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आरेला वन ठरवण्याची मागणी फेटाळली. त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी झाडे तोडण्यास सुरुवात झाली आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. पुढे २०२१ मध्ये सुमारे ८१२ एकर जमीन वन विभागाकडे देण्यात आली. कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे २०२० मध्ये ठरले होते, ते २०२२ मध्ये पुन्हा आरेतच आले. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण धावत आहे. आम्हीही तिने प्रवास करतो आणि तिचा फायदा नाकारत नाही.

उधारीच्या वहीतील एक पान

या मेट्रोच्या कामासाठी प्रजापूरपाड्याची कुटुंबे पुनर्वसनाच्या इमारतींत हलवली गेली. आमचे एक जुने गिऱ्हाईकही असेच पाड्यावरून इमारतीत गेले. वीज, नळ, शौचालय सर्व मिळाले. हे थोडे नाही, कारण पाड्यांवर या सोयी फार उशिरा आल्या आणि काही ठिकाणी अजून अपुऱ्या आहेत. पण दोन वर्षांत त्या घराची उधारी प्रथमच थकली. मावशी स्वतः दुकानात येऊन म्हणाल्या, "आधी मीठ नि तेल तेवढं विकत आणायचो, शेठ. आता माठाची जुडीपण विकत. वर इमारतीचं बिल."

घराच्या बदल्यात घर मिळाले, पण वाफा, ताड, शेवगा आणि रान यांचा मोबदला कोणी धरलाच नाही. आमच्या दुकानाची जागा घेऊन कोणी फक्त राहण्याची खोली दिली, तर आपण त्याला भरपाई म्हणू काय?

आपला संबंध

कोणी म्हणेल, यात व्यापाऱ्याचे काय गेले? २६ जुलै २००५ आठवावी. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदीचे पाणी बाजारात शिरले आणि आमच्या गोदामातील खालच्या फळीवरील सर्व ताके कुजले. मिठीच्या वरच्या अंगाला आरेची जमीन आहे आणि ओशिवरा नदी तर आरेच्या टेकड्यांतूनच निघते. तेथील माती जेवढे पाणी जिरवते, तेवढे आपल्या दुकानाच्या पायरीपर्यंत कमी येते. ती माती उघडी राहण्यात पाड्यांच्या शेतीचाही वाटा आहे.

म्हणून व्यापारी बंधूंना विनंती आहे. आरेसंबंधी नवी योजना आली आणि आपल्या संघटनेचे मत विचारले गेले, तर तीन गोष्टी विचाराव्यात. त्या जागेवर कोण कमावते? त्याची कमाई मोबदल्यात धरली आहे काय? तेथील पाणी पुढे कोठे जाणार? आणि पावसाच्या सुरुवातीला पदपथावर शेवळे घेऊन बसलेली बाई दिसली, तर घासाघीस न करता एक जुडी घ्यावी. शेवळे घशाला खाजतात, तेव्हा सोबत काकडाची आंबट फळेही मागून घ्यावीत. रांधायचे कसे, ते ती आपणहून सांगेल.